एकही तक्रार नसलेली बिल्डिंग

लिफ्ट अडकली की माणूस आधी देवाला हाक मारतो आणि मग ताईला फोन करतो, असं त्या कंपनीतले मेकॅनिक म्हणायचे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. अकरा वर्षं ताई तक्रारीच्या टेबलावर बसत होती. दोन फोन, एक जाडजूड रजिस्टर आणि पाठीला टेकायला एक उशी. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत दुसरं असतं तरी काय? लिफ्ट बिघडते, लोक ओरडतात, कोणीतरी जाऊन चालू करून येतो. त्या ओरडण्यातला पहिला वाटा ताईचा. खरं तर ती तिथे एकाचीच ताई, मेकॅनिक असलेल्या तिच्या धाकट्या भावाची. तो ऑफिसातही ताई म्हणायचा, मग सगळेच म्हणायला लागले, अगदी मालकसुद्धा, आणि मालक तिच्याहून वीस वर्षांनी मोठे होते.

भावाला सगळे फटाफट म्हणायचे. दुसऱ्याला जिथे तास लागायचा तिथून हा वीस मिनिटांत हात पुसत खाली यायचा. आधीची दोन वर्षं तो कामाशिवाय घरी बसून होता, बायकोशी बोलायचा नाही, मुलींवर खेकसायचा. ताईने मालकांकडे शब्द टाकला आणि तो माणसात आला. ताईने लग्न केलं नव्हतं. ती त्याच्याच घरी राहायची, त्याच्या दोन मुलींच्या खोलीत तिची खाट होती, आणि त्या मुली आईपेक्षा आत्याचं जास्त ऐकायच्या.

ऑफिसच्या दाराजवळ भिंतीवर एक फळी होती. फळीवर नऊ खिळे, मेकॅनिक नऊ म्हणून. प्रत्येक खिळ्यावर दोन वीत वायर, दोन्ही टोकांना चिमटे. ही चेकिंगची वायर. लिफ्टचं एक साधं असतं, कुठल्याही मजल्यावरचं दार नीट लागलेलं नसेल तर ती जागची हलत नाही. नेमकं कुठलं दार रुसलंय हे शोधायला मेकॅनिक वरच्या मशीनच्या खोलीत ही वायर लावतो. मग लिफ्टला वाटतं, सगळी दारं बंद आहेत, आणि ती उघड्या दारानेही धावते. पाच मिनिटांचं काम. दार सापडलं की वायर काढायची आणि खिशात घालायची. जो ती तिथेच ठेवून येईल त्याने दुसऱ्या दिवशी कामावर यायचं नाही, असा मालकांचा नियम होता. म्हणून संध्याकाळी वायर खिळ्यावर टांगल्याशिवाय कुणाची हजेरीची सही होत नसे. नऊ खिळे आणि नऊ वायरी ताई रोज मोजायची.

मालकांच्या गुडघ्यांनी दगा दिला, ते घरी बसले आणि त्यांची सून खुर्चीवर आली. तिला सगळे नव्या मॅडम म्हणत. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कामाची होती, सगळ्यांच्या आधी यायची, कुणाचा अपमान करायची नाही. पहिल्याच आठवड्यात तिने ताईला बोलावून घेतलं.

"ताई, आपलं नेमकं कुठे चुकतंय ते आधी कळायला हवं. सगळंच एकदम सुधारायला गेलं तर काहीच सुधारत नाही. तुम्ही तीन महिन्यांचं रजिस्टर काढा. कशाची तक्रार आहे ते लिहा, आणि एका तक्रारीला एक रेघ. ज्याच्या रेघा जास्त, ते वर. वरच्या तिनांना आधी हात घालू."

"आणि ज्याची तक्रारच येत नाही ते?"

"तक्रार नाही म्हणजे ते बरं चाललंय. त्याच्याकडे नंतर बघू."

ताईला हे पटलं. अकरा वर्षं तिने नुसतं ऐकून घेतलं होतं, आणि आता कोणीतरी त्या ऐकण्याचं काही करणार होतं. चार दिवस खपून तिने रेघा ओढल्या. मेकॅनिक उशिरा येतो, एकशे बारा. दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडतं, अठ्ठ्याऐंशी. फोनवर धड सांगत नाहीत, एकतीस. ही तिसरी तिच्या स्वतःच्याच नावाची होती, पण तिने एकही रेघ चोरली नाही. यादीच्या अगदी तळाला होतं, सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत, आणि त्याच्यापुढे एकच रेघ. गिऱ्हाइकाला काय कळणार, भाग कुठून येतो आणि किती दिवस लागतात? त्याला एवढंच कळतं की लिफ्ट परत बंद पडली.

ती एक रेघ मास्तरांची होती. शाळेजवळच्या सात मजली जुन्या बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको राहत. सहा वर्षं त्यांचा फोन येत होता, आणि ताईने त्यांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. ते कधी ओरडायचे नाहीत. वेळ सांगायचे, मजला सांगायचे, काय झालं ते सांगायचे आणि मग म्हणायचे, "आता मी काय म्हटलं ते वाचून दाखवा." ताई निमूटपणे वाचून दाखवायची. त्यांच्याच मजल्याच्या दाराचं कुलूप झिजलं होतं. दार जरा हललं की लिफ्ट जागच्या जागी बंद. फटाफटने नवीन कुलूप मागवायला सांगून दोन महिने होत आले होते. मास्तरांची बायको काठी घेऊन चालायची. एकदा ती अंधारात पाऊण तास लिफ्टमध्ये अडकली, तेव्हापासून तिने बाहेर पडणंच सोडलं होतं.

मॅडमनी यादी भिंतीवर लावली आणि तिच्या शेजारी आणखी एक तक्ता लावला. दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडलं, तर कुणाच्या हातचं बिघडलं? नऊ नावं, नावापुढे रेघा. फटाफटच्या नावापुढे चौदा, आणि त्यातल्या नऊ एकट्या मास्तरांच्या बिल्डिंगीच्या. बाकीच्यांनी दात काढले. "फटाफट जातो आणि फटाफट परत जातो," असं एकजण म्हणाला. मॅडम हसल्या नाहीत. महिनाअखेर ज्याच्या रेघा सगळ्यांत जास्त असतील त्याचा विचार करावा लागेल, एवढंच त्या म्हणाल्या. घरी त्या दिवशी फटाफट जेवला नाही, आणि धाकट्या मुलीने चप्पल उलटी टाकली म्हणून तिला फटका मारला. हा भाऊ ताईने आधी पाहिलेला होता.

पण पुढच्या आठवड्यापासून रेघा थांबल्या. मास्तरांच्या बिल्डिंगीतून एक फोन नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी मॅडमनी सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाल्या, सगळ्यांत वाईट बिल्डिंग होती, आज तिथे एकही तक्रार नाही, याला म्हणतात सुधारणा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फटाफट मान खाली घालून उभा होता. लाजतोय, असं ताईला वाटलं. तिने सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.

त्याच दुपारी मास्तरांचा फोन आला.

"तक्रार नाही," ते म्हणाले. "एकोणीस दिवस झाले, लिफ्ट एकदाही अडकली नाही. तक्रार करताना आम्ही तत्पर असतो, तर हेही सांगायला हवं. तुमच्या मेकॅनिकला माझं नाव सांगून शाबासकी द्या."

"सांगते मास्तर," ताई म्हणाली. तिला मनापासून बरं वाटलं, आणि बरं वाटता वाटताच तिचा हात सवयीने रजिस्टरचं पान उलटून त्या बिल्डिंगीवर गेला. चौथा मजला, दाराचं कुलूप. पुढे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, भाग आलेला नाही. कुलूप आलंच नव्हतं. मग दार कशाने बसलं?

"एक विचारायचं होतं," मास्तर पुढे म्हणाले. "ही आता म्हणतेय, खाली जाऊन येते, बाकावर बसते जरा. चार महिने घराबाहेर पडली नाही हो. मी म्हटलं, आधी विचारून घेऊ. जाऊ देऊ ना तिला लिफ्टने?"

ताईला कळलं होतं. नक्की नाही, पण पुरेसं कळलं होतं. अकरा वर्षं त्या टेबलावर बसलेल्या बाईला, झिजलेलं कुलूप आपोआप बरं होत नाही, हे कोणी शिकवायला नको. पण तिच्या डोळ्यांपुढे आली ती घरात भिंतीकडे तोंड करून बसलेली भावाची पाठ. तिने स्वतःला सांगितलं की आधी त्याला विचारू, उगाच शंका घेऊन कुणाच्या पोटावर का पाय द्यायचा? "हो मास्तर," ती म्हणाली, "जाऊ द्या."

संध्याकाळी तिने खिळे मोजले. नऊ वायरी होत्या. मग ती उठून फळीजवळ गेली, जे ती कधी करत नसे, आणि भावाच्या खिळ्यावरची वायर हातात घेतली. वायर कोरी करकरीत होती. बाकीच्या आठ तेलाने आणि हाताच्या मळाने काळ्या झालेल्या. तीन आठवडे ती रोज टेबलावरून मोजत होती आणि रोज नऊ भरत होत्या.

घरी जाताना तिने त्याला रस्त्यातच गाठलं. "तुझी जुनी वायर कुठे आहे?"

"कुलूप येईपर्यंत, ताई," तो म्हणाला. " चार दिवसांत येतो म्हणाले होते. नऊ वेळा गेलो मी तिथे. नऊ वेळा तेच दार ठोकून, वाकवून बसवलं. माझ्या हातात कुलूप देत नाहीत आणि रेघा माझ्या नावावर ओढतात. मी काय करायचं, सांग ना."

"दार उघडं असताना लिफ्ट निघाली तर?"

"लोक दार लावतात गं. कोण उघडं ठेवतं?"

"उद्या सकाळी पहिलं तिथे जा. वायर काढ."

"वायर काढली की लिफ्ट बंद. बंद झाली की फोन. फोन आला की रेघ."

"येऊ दे रेघ."

"जातो," तो म्हणाला. "उद्या जातो. पण तू मॅडमला काही बोलू नकोस. तुला मुलींची शपथ आहे."

तिने शपथ घेतली नाही, पण त्याला नाही असंही म्हणाली नाही. त्या वेळी ते दोन्ही एकच होतं, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

मंगळवारी सकाळी मॅडमची बैठक असायची. यादी समोर ठेवून त्या प्रत्येकाला विचारत, आणि शेवटी ताईकडे वळत. "ताई, फोनवर न येणारं, पण तुम्हाला माहीत असलेलं असं काही राहून गेलंय का?" हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदाच आला. इतके दिवस विचारला नव्हता आणि नेमका त्या दिवशी विचारला. भाऊ समोरच बसला होता आणि टेबलाच्या कडेवरचा रंग नखाने खरवडत होता. ताई म्हणाली, "नाही मॅडम, यादीत सगळं आलंय."

बैठक संपते न संपते तोच फोन सुरू झाले. दवाखान्याची लिफ्ट अडकली, आत बाळंतीण होती. मॅडमचा नवा नियम असा की उशिराच्या तक्रारी सगळ्यांत जास्त, म्हणून फोन आला की अर्ध्या तासात माणूस पोचायलाच हवा, आणि जिथून फोन नाही तिथे कोणी जायचं नाही. दवाखान्याला सगळ्यांत जवळ फटाफट होता. ताईने त्याला पाठवलं. तिथून त्याला बँकेत जावं लागलं. मास्तरांच्या बिल्डिंगीतून फोन नव्हता, मग तिथे पाठवणार कसं? खोटी तक्रार लिहिता आली असती. तिने पेनसुद्धा उचललं. पण दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडलं म्हणून ती रेघ त्याच्याच नावापुढे गेली असती, आणि काल सगळ्यांसमोर झालेलं कौतुक आज धुळीला मिळालं असतं. तिने त्याला फोन केला. तो म्हणाला, बँकेचं झालं की निघतो, अर्धा तास. तिने पेन खाली ठेवलं.

बाराला वीस मिनिटं असताना फोन वाजला.

"लिहून घ्या," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, फक्त शब्दांमध्ये अंतर पडत होतं. "अकरा वाजून पस्तीस मिनिटं. चौथा मजला. लिफ्ट आमच्या मजल्यावर उभी होती. मी दार उघडून धरलं होतं. ही आत पाऊल टाकत होती. एक पाय आत, एक बाहेर. वरून कोणीतरी बटण दाबलं असावं. दार उघडं असताना लिफ्ट निघाली." मग ते थांबले. "ती खाली पडली. खालून आवाज येत नाही. आता मी काय म्हटलं ते वाचून दाखवा."

ताईने लिहिलं होतं. पण ते तिने वाचून दाखवलं नाही. तिने रुग्णवाहिका पाठवली, मॅडमच्या खोलीत जाऊन सांगितलं, आणि मग भावाला फोन लावला. तो बिल्डिंगीच्या कोपऱ्यावर पोचला होता. त्याने ऐकलं.

"दोन मिनिटांत वर जातो आणि काढतो," तो म्हणाला.

"हात लावू नकोस. खाली मास्तरांपाशी उभा राहा. ऐकतोयस ना? वर जाऊ नकोस."

त्याने फोन ठेवून दिला.

बुधवारी सकाळी लिफ्ट तपासणीचे सरकारी साहेब ऑफिसात आले. त्यांनी आदल्या दिवशीच बिल्डिंग पाहिली होती. मास्तरांची बायको वाचली नव्हती. मास्तरही आले होते. सहा वर्षं आवाज ऐकून ताईला ते उंच वाटायचे. होते बुटके, आणि शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलेलं. ते भिंतीपाशी खुर्चीवर बसले. त्यांना कोणी पाणी दिलं, तर त्यांनी ग्लास हातात धरला आणि तसाच धरून ठेवला.

साहेब मॅडमना म्हणाले, "लिफ्ट पूर्ण बंद आहे. चौथ्या मजल्याचं दार नीट लागत नाही, त्यामुळे ती हलूच शकत नाही. मी स्वतः बटण दाबून बघितलं. तेव्हा दार उघडं असताना ती निघाली, हे शक्य नाही. लिफ्ट दुसऱ्याच मजल्यावर बंद पडलेली असणार. यांनी झिजलेलं दार ओढून उघडलं असणार, आणि आत लिफ्ट आहे की नाही ते न बघता बाईंना पुढे जाऊ दिलं. वय झालंय, गोंधळ होतो."

"मी बघितलं होतं," मास्तर म्हणाले. "लिफ्ट होती. आतला दिवा लागला होता."

"आजोबा, बंद लिफ्ट चालत नाही."

मास्तरांनी ताईकडे पाहिलं नाही, कारण ताई कोण हे त्यांना माहीतच नव्हतं. ते ग्लासाकडे बघत म्हणाले, "मग मीच काहीतरी चुकलो असेन." सहा वर्षं तारीख-वेळेसकट बोलणाऱ्या मास्तरांनी असं कधी म्हटलं नव्हतं. ते ऐकून ताईला रडूच कोसळलं असतं, पण रडायचा हक्क आपल्याला नाही, एवढं तिला समजत होतं.

मॅडमनी तक्ता दाखवला. त्या बिल्डिंगीतून वीस दिवसांत एकही तक्रार नव्हती. साहेबांनी मान डोलावली आणि कागद पुढे ओढला. फटाफट दारात उभा होता. खिळ्यावर त्याची वायर होती. नऊच्या नऊ होत्या. रात्रभर तो झोपला नव्हता आणि तीही झोपली नव्हती, आणि दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. सकाळी निघताना धाकट्या मुलीने विचारलं होतं, आत्या, तू आज डबा का नाही घेतलास?

"वायर होती," ताई म्हणाली.

साहेबांना ऐकू गेलं नाही. ती उठली आणि रजिस्टर घेऊन त्यांच्यापुढे गेली. "लिफ्ट चालू होती, साहेब. वर मशीनच्या खोलीतल्या पॅनलवर चेकिंगची वायर लावलेली होती, वीस दिवस. म्हणून तक्रार येत नव्हती. अपघातानंतर ती काढली, म्हणून लिफ्ट बंद आहे. हे बघा, कुलूप कधी आलंच नाही. मास्तर चुकलेले नाहीत. मला हे सोमवारपासून माहीत होतं. यांनी बायकोला पाठवू का म्हणून मला विचारलं, आणि मीच जाऊ द्या म्हटलं."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तरांनी मान वर केली आणि त्या आवाजाच्या बाईकडे पहिल्यांदा पाहिलं. ते नुसते बघत राहिले, आणि ताईला ते बघणं सहन होईना.

"वायर कुणी लावली?" साहेबांनी विचारलं.

फटाफट म्हणावं तर ते काही नाव नव्हे. दारात उभा असलेला भाऊ तिच्याकडे बघत मान हलवत होता, नको, नको, अशी, लहानपणी मार बसायच्या आधी हलवायचा तशी. ताईने त्याचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ते त्या ऑफिसात कधी कोणी उच्चारलेलं नव्हतं.

साहेबांनी लिहून घेतलं. "आणि तुमचं नाव?"

तिने तेही सांगितलं. वडिलांच्या नावापाशी साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी वरच्या ओळीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग तिच्याकडे.

"सख्खा भाऊ?"

"हो," ताई म्हणाली. "धाकटा."